जीव वाचवणाऱ्यांचे पदक आणि आपल्या वस्त्या



दर वर्षी प्रजासत्ताक दिनाच्या तोंडावर दिल्लीहून एक छोटी यादी जाहीर होते. पद्म पुरस्कारांच्या मोठ्या बातमीखाली ती दबून जाते. वर्तमानपत्रात आलीच तर आतल्या पानावर चार ओळी. ही यादी जीवन रक्षा पदकांची. पाण्यात, आगीत, दरडीखाली, खाणीत सापडलेल्या माणसाला स्वतःचा जीव धोक्यात घालून बाहेर काढणाऱ्यांची नावे तिच्यात असतात. २०२२ च्या जानेवारीत ती ५१ होती. २०२४ च्या जानेवारीत ३१.

एकशेचाळीस कोटींच्या देशात ३१! पैनगंगा, अडाण आणि अरुणावती फुगल्या की एकट्या आपल्या वाशिम जिल्ह्यात किती जण कंबरेला दोर बांधून पाण्यात उतरतात, हे गावोगाव फिरणाऱ्यांना ठाऊक आहे. उतरणारा बहुधा सालदार असतो, गुराखी असतो, तांड्यावरचा किंवा पारध्यांच्या बेड्यावरचा पोहणारा पोरगा असतो. ज्याच्याकडे गमावण्यासारखे घरात काहीच नाही असे आपण म्हणतो, तोच पहिल्यांदा उडी घेतो. मग त्याचे नाव त्या यादीत का येत नाही? सरकारचे नियम त्याला वगळतात म्हणून, असा माझाही समज होता. नियम वाचल्यावर दिसले की तसे नाही. नियम बरेच उदार आहेत. अडते ते दुसरीकडेच, आणि जिथे अडते तिथे आपल्यासारख्यांना काही करता येण्याजोगे आहे. म्हणून हा लेख.

आधी पदकाविषयी. जीवन रक्षा पदक १९६१ साली सुरू झाले. त्याच्या तीन पायऱ्या आहेत. वाचवणाऱ्याच्या स्वतःच्या जिवाला फार मोठा धोका असताना त्याने ठळक धैर्य दाखवले असेल तर सर्वोत्तम जीवन रक्षा पदक. धोका मोठा होता आणि त्याने धैर्य व तत्परता दाखवली, तर उत्तम जीवन रक्षा पदक. स्वतःला गंभीर शारीरिक इजा होण्याचा संभव असताना मदतीला धावला, तर जीवन रक्षा पदक. त्यांच्यासोबत अनुक्रमे २ लाख, दीड लाख आणि १ लाख रुपये, तसेच केंद्रीय गृहमंत्र्यांच्या सहीचे प्रमाणपत्र मिळते. पदक मरणोत्तरही देता येते. मंजुरी राष्ट्रपतींची, पण पदक हातात पडते ते बहुतेक वेळा आपल्याच राज्य शासनामार्फत.

ते कोणाला मिळू शकते? स्त्री असो वा पुरुष, कोणत्याही थरातल्या माणसाला. शिक्षण, नोकरी, वय, जात, कशाचीच अट नाही. सैन्यदल, पोलीस आणि अग्निशमन दलातल्या माणसांनाही मिळते, मात्र त्यांनी ते काम कर्तव्यावर नसताना केलेले असावे. बुडणे, आग, अपघात, विजेचा धक्का, दरड कोसळणे, जनावराचा हल्ला, खाणीतली सुटका, हे सगळे त्यात येते. म्हणजे नाल्याच्या पुरातून पोर ओढून काढणारा सालदार या व्याख्येत नेमका बसतो.

अशा पदकांचा उगमच मुळी कामगारांच्या जगातला आहे. १९०७ साली इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड याने एडवर्ड पदक सुरू केले ते खाणकामगारांसाठी. जमिनीखाली अडकलेल्या सोबत्यांना काढायला परत आत शिरणाऱ्या मजुराला सैनिकाच्या तोडीचा मान द्यावा, हा विचार त्यामागे होता. दोन वर्षांनी ते कारखान्यातल्या कामगारांनाही लागू झाले. आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात वणीकडे कोळशाच्या खाणी आहेत, त्यामुळे आत अडकणे म्हणजे काय हे विदर्भाला सांगायला नको. स्वतंत्र भारतातला या जातीचा सर्वांत गाजलेला प्रसंगही खाणीतलाच. नोव्हेंबर १९८९ मध्ये पश्चिम बंगालमधल्या राणीगंज भागातील महावीर खाणीत पाणी शिरले. सहा कामगार गेले आणि ६५ जण खाली अडकले. जसवंतसिंग गिल या अभियंत्याने जमिनीतून मोठे छिद्र पाडून एक माणूस मावेल अशी पोलादी कुपी सोडायची युक्ती काढली, आणि त्या कुपीतून तो स्वतः खाली गेला. एकेक करून सगळे ६५ जण वर आले. १९९१ साली गिल यांना सर्वोत्तम जीवन रक्षा पदक मिळाले.

महाराष्ट्रातली अलीकडची गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांनी मोबाइलवर पाहिली असेल. १७ एप्रिल २०२१ रोजी कर्जत मार्गावरच्या वांगणी स्थानकात एक दृष्टिहीन आई आपल्या लहान मुलाचा हात धरून फलाटावरून चालली होती. मुलाचा तोल गेला आणि ते रुळावर पडले. समोरून गाडी वेगात येत होती. रेल्वेचा पॉइंट्समन मयूर शेळके गाडीच्या दिशेने रुळावरून धावला, मुलाला उचलून फलाटावर ढकलले आणि स्वतः वर चढला. मागोमाग गाडी गेली. मध्ये किती अंतर राहिले, ते त्या चित्रफितीत बघताना आजही अंगावर काटा येतो. रेल्वेने त्याला ५० हजार रुपये दिले, त्यातले अर्धे त्याने त्या मायलेकरांना देण्याचे जाहीर केले. देशभर कौतुक झाले. एका कंपनीने मोटारसायकल दिली.

हे सगळे योग्यच झाले. पण एक गोष्ट लक्षात घ्या. फलाटावर कॅमेरा होता. तारीख, वेळ, गाडी, पडलेले मूल, धावणारा माणूस, सगळे त्याने टिपले. शेळके यांना कोणाला काही पटवून द्यावे लागले नाही.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीचेही असेच. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर उद्घोषक विष्णू झेंडे आपल्या काचेच्या खोलीतून खाली गोळीबार पाहत होते. पळून जाण्याऐवजी ते ध्वनिक्षेपकावरून प्रवाशांना कोणत्या बाजूने बाहेर पडायचे ते पुन्हापुन्हा सांगत राहिले. त्यांच्या खोलीवरही गोळ्या आल्या. कामा रुग्णालयात परिचारिका अंजली कुलथे यांनी आपल्या कक्षातल्या वीस गर्भवती महिलांना टोकाच्या लहानशा खोलीत हलवले आणि रात्रभर सांभाळले. पुढे त्यांनी कसाबविरुद्ध न्यायालयात साक्ष दिली आणि डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढेही आपला अनुभव सांगितला. सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी गिरगाव चौपाटीवर हातात फक्त लाठी असताना कसाबची बंदूक धरून ठेवली, त्यात ते गेले. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. त्या रात्रीचा तपास झाला, खटला चालला, हजारो पाने लिहिली गेली. त्या पानांत या माणसांची नावे राहिली.

वस्तीवर कॅमेरा नसतो आणि खटलाही चालत नाही. मी एक उदाहरण सांगतो. नावगाव सांगत नाही, कारण त्या माणसाने तशी इच्छा बोलून दाखवली आहे. आमच्या कामाच्या भागातल्या आंध समाजाच्या एका वस्तीवर राहणारा हा सालदार. पावसाळ्यात शाळेतून परतणारी दोन पोरे नाल्याच्या फरशीपुलावरून वाहून गेली. याने बांधावरून उडी टाकली. एकाला बाभळीच्या फांदीला धरून ठेवले, दुसऱ्याला शंभरेक पावलांवर गाठले. दोघे वाचले. याच्या बरगड्यांना मार लागला, दोन महिने काम बंद, सालाचे पैसे कापले गेले. १५ ऑगस्टला गावाने शाल आणि नारळ दिले. तीन वर्षांनी त्याचा भाऊ आमच्याकडे कागद घेऊन आला की, काही मिळते का पाहा. आम्ही एका कार्यालयात विचारले. बाबूंनी विचारलेला पहिला प्रश्न: पंचनामा आहे का? पंचनामा नव्हता. पोलिसांत नोंद? तीही नव्हती. का नव्हती, याचे उत्तर सालदाराच्या भावानेच दिले: “साहेब, कोणी दगावलंच नाही, मग नोंद कशाची होईल?”

मला वाटते, साऱ्या प्रश्नाची गाठ इथे आहे. पोर बुडाले असते तर पोलीस आले असते, अकस्मात मृत्यूची नोंद झाली असती, शवविच्छेदन झाले असते, तलाठ्याने अहवाल दिला असता. पोर वाचले, म्हणून एक ओळही कुठे लिहिली गेली नाही. वाचवणाऱ्याचे काम जितके फत्ते, तितका त्याचा पुरावा कमी. शिवाय घटनेपासून साधारण दोन वर्षांच्या आत प्रस्ताव जावा लागतो. आपल्या सालदाराच्या बाबतीत ती मुदत उलटून गेली होती.

ही गोष्ट पाण्याची. विहिरींची गोष्ट याहून कठीण आहे. उन्हाळ्यात विहिरीचे खोलीकरण, गाळ काढणे, मोटार काढणे ही कामे आपल्याकडचे मजूर करतात. तळाशी डिझेल इंजिन ठेवून पाणी उपसले की त्याच्या धुरातला विषारी वायू आत साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. बरेच दिवस बंद असलेल्या विहिरीत पालापाचोळा कुजून प्राणवायूच कमी झालेला असतो. पहिला माणूस उतरतो आणि कोसळतो. वरच्याला वाटते, चक्कर आली असेल. तो उतरतो, तोही कोसळतो. मग तिसरा. अशा बातमीत “एकाला वाचवताना दुसरा” हे शब्द इतक्या वेळा येतात की आपण ते वाचून पुढे जातो. कंदील सोडून बघायची जुनी रीत आहे. ज्योत विझली तर प्राणवायू कमी आहे हे कळते, पण ज्योत जळत राहिली म्हणून विषारी वायू नाहीच असे नव्हे. उतरणाऱ्याच्या काखेतून दोर बांधलेला असणे, वर ओढायला चार माणसे असणे आणि इंजिन विहिरीबाहेर ठेवणे, इतक्याने पुष्कळ जीव वाचतील. पदकाच्या लेखात हे विषयांतर वाटेल, पण मरणोत्तर पदकाची फाइल भरण्यापेक्षा दोराला शंभर रुपये घालणे मला कधीही पसंत.

शहरातल्या गटारात आणि सेप्टिक टाकीत हेच घडते. तिथे निदान न्यायालयाने दखल घेतली. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३ साली झाला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारात मृत्यू झालेल्याच्या कुटुंबाला १० लाख रुपये द्यावेत असे सांगितले, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ही रक्कम ३० लाख केली. सोबत्याला काढायला उतरून गेलेल्याच्या घरच्यांनीही हे लक्षात ठेवावे. ती भीक नाही, हक्क आहे.

कामगारांसाठी वेगळे सन्मान नाहीत का, असे कोणी विचारेल. आहेत. १९८५ पासून पंतप्रधान श्रम पुरस्कार आहेत: श्रमरत्न, श्रमभूषण, श्रमवीर किंवा वीरांगना, श्रमश्री किंवा देवी. कामातले कौशल्य आणि उत्पादकता यांबरोबरच असाधारण धैर्य आणि प्रसंगावधान हाही त्यांचा निकष आहे. पण ते सरकारी उपक्रमांतल्या किंवा ५०० हून कमी नाहीत इतके कामगार असलेल्या खाजगी कारखान्यांतल्या कामगारांना. वाशिम जिल्ह्यात असे कारखाने शोधायला गेले तर काय हाती लागेल, हे वाचकांना सांगायला नको. सालदाराचा कारखाना म्हणजे मालकाचे शेत आणि त्याची हजेरी म्हणजे मालकाची वही.

अग्निशमन दलासाठी राष्ट्रपतींचे शौर्यपदक आहे. त्यांच्या परंपरेमागे मोठी किंमत मोजलेली आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई गोदीत फोर्ट स्टिकीन या जहाजावर दारूगोळ्याचा स्फोट झाला, त्यात आग विझवायला गेलेले ६६ जवान गेले. म्हणून आजही १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. खेड्यात मात्र बंब पोहोचेपर्यंत गंजी जळून जाते, आणि पुराच्या वेळी सरकारी पथकाआधी पोहोचतात ते आसपासचे स्वयंसेवक. अकोला जिल्ह्यातल्या पिंजरचे संत गाडगेबाबा आपत्कालीन शोध व बचाव पथक आपल्या भागात सर्वांना परिचित आहे. बुडालेल्यांच्या शोधासाठी अर्ध्या रात्री त्यांना फोन जातात.

आदिवासी भागातल्या बायकांचा धोका आणखी वेगळ्या जातीचा आहे. तो एका क्षणाचा नसतो, रोजचा असतो. नंदुरबार जिल्ह्यातल्या चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे यांचे नाव वाचकांना आठवत असेल. २०२० साली करोनाच्या भीतीने नर्मदेकाठच्या अलिगट आणि दादर या पाड्यांवरच्या बाया पोषण आहारासाठी यायच्या बंद झाल्या. तेव्हा रेलूताईंनी एका मच्छीमाराची छोटी होडी घेतली आणि स्वतः वल्हवत जवळपास १८ किलोमीटरचा जलप्रवास करून लहान मुलांची वजने घेतली, गर्भवतींना आहार पोहोचवला. नर्मदेचे ते पाणी पावसाळ्यात कसे असते, हे तिथल्या माणसांनाच विचारावे. आता सांगा, हे पदकाच्या कोणत्या रकान्यात भरायचे? कोणी बुडत नव्हते, कुठे आग नव्हती. रोज थोडा थोडा धोका पत्करून महिनोन्महिने मुले जगवली, याला आपल्या पदकांच्या भाषेत शब्दच नाही.

आशाताईंचे पाहा. २२ मे २०२२ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशा कार्यकर्त्यांना जागतिक आरोग्य नेतृत्व पुरस्कार दिला. सन्मान मोठाच. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्रातल्या आशा मोबदल्यासाठी संपावर गेल्या. त्यांना आणि अंगणवाडी सेविकांना जे मिळते त्याला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. त्यातला मान किती आणि धन किती, याचा हिशेब आमच्या एका ताईने मला बोटांवर करून दाखवला. तो इथे छापत नाही.

सन्मानानंतर काय, हा प्रश्न टाळता येत नाही. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यातली हाली बरफ ही आदिवासी मुलगी. जंगलात बिबट्याने बहिणीवर झडप घातली तेव्हा ती पळाली नाही, तिने झुंज देऊन बहिणीला सोडवले. तिला राष्ट्रीय शौर्य पुरस्कार मिळाला. काही वर्षांनी वर्तमानपत्रांनी तिला पुन्हा गाठले तेव्हा ती मोलमजुरी करत होती. उत्तराखंडात सिल्क्यारा बोगद्यात नोव्हेंबर २०२३ मध्ये ४१ मजूर १७ दिवस अडकले. मोठे यंत्र मोडले तेव्हा शेवटचा टप्पा हातांनी खणून काढला तो बारा मजुरांनी. ज्या बिळासारख्या खोदाईवर हरित लवादाने २०१४ साली मेघालयात बंदी घातली होती, तीच कला त्या दिवशी कामी आली. त्यांना राज्य सरकारने प्रत्येकी ५० हजारांचे धनादेश दिले. एवढ्या कामाची एवढीच किंमत का, असा प्रश्न त्यांनीच केला. तीन महिन्यांनी, फेब्रुवारी २०२४ मध्ये, त्यांच्यातल्या एकाचे दिल्लीतले घर अतिक्रमण म्हणून पाडले गेले. हार घालणारे हात आणि घर पाडणारे हात वेगळ्या खात्यांचे होते, एवढेच.

म्हणून पदकासोबत दुसऱ्या वाटाही माहीत असाव्यात. पूर किंवा अन्य नैसर्गिक आपत्तीत मृत्यू झाल्यास आपत्ती निधीतून कुटुंबाला ४ लाख रुपये मिळतात, आणि बचावकार्यात असताना गेलेल्या माणसालाही हा नियम लागू आहे. मृत्यूचे कारण अधिकृत कागदावर आले पाहिजे, ही अट. शेतकऱ्यांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात सुरक्षा योजना आहे, तिच्यात मृत्यूनंतर २ लाख मिळतात, पण ती खातेदार शेतकरी आणि त्याच्या घरातल्या एका सदस्यापुरती. ज्याच्या नावावर सातबारा नाही, तो सालदार तिच्यात नाही.

रस्त्यावरच्या अपघातांची वाट तर आता बरीच मोकळी झाली आहे. समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा असा जातो. त्याच्या आजूबाजूची गावे रात्री धडाम आवाज आला की धावतात. पूर्वी लोक घाबरायचे: जखमीला नेले तर पोलीस आपल्यालाच बसवून ठेवतील, साक्षीला बोलावतील. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा मदत करणाऱ्याला त्रास देता येणार नाही, असे स्पष्ट केले. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. त्यानुसार मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. आपले नाव सांगायचे की नाही, साक्षीदार व्हायचे की नाही, हे त्याच्या इच्छेवर आहे. गंमत अशी की, इंग्रजी कायद्यात अशा माणसाला सरळ ‘गुड समॅरिटन’ म्हटले आहे. लूकच्या शुभवर्तमानातला आपला चांगला शोमरोनी थेट भारताच्या कायद्यात जाऊन बसला आहे! गंभीर जखमीला पहिल्या मोलाच्या तासात रुग्णालयात पोहोचवणाऱ्याला २०२१ पासून ५ हजार रुपये मिळत. २०२५ पासून ‘राहवीर’ नावाने ही रक्कम २५ हजार केली आहे. निर्णय जिल्हा पातळीवरच होतो, म्हणून ही वाट पदकापेक्षा जवळची. फक्त रुग्णालयात किंवा पोलिसांकडे आपली नोंद करून पोच घ्यायला हवी.

आता पदकाचा प्रस्ताव. तो राज्य शासनामार्फत केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातो, आणि जिल्ह्यातून त्याची सुरुवात जिल्हाधिकारी किंवा पोलीस अधीक्षक कार्यालयातून होते. राष्ट्रीय पुरस्कारांचे संकेतस्थळही आता उपलब्ध आहे. स्वतःसाठी स्वतः अर्ज करणे वस्तीवरच्या माणसाला जड जाते, शोभतही नाही असे त्याला वाटते. म्हणून त्याच्या वतीने दुसऱ्या कोणी लिहावे हेच बरे. प्रसंगाचे वर्णन तारीख, वेळ, ठिकाण आणि पाण्याची किंवा आगीची स्थिती यांसह लिहावे. प्रत्यक्ष पाहणाऱ्या निदान दोघातिघांचे जबाब, वाचलेल्या माणसाचा किंवा त्याच्या आईबापाचा जबाब, प्राथमिक आरोग्य केंद्रातला उपचाराचा कागद, पोलीस पाटलांचा अहवाल, ग्रामपंचायतीचा किंवा ग्रामसभेचा ठराव आणि बातमी आली असेल तर कात्रण जोडावे. यातला सर्वांत महत्त्वाचा कागद माझ्या मते पोलीस पाटलांचा. घटना घडल्याच्या दोन दिवसांत त्यांच्याकडे जाऊन लेखी नोंद करायला लावली, तर पुढची निम्मी अडचण राहत नाही. कोणी दगावले नसले तरी नोंद करता येते, हे आधी त्यांनाही सांगावे लागते.

धोका किती होता, हे नेमके लिहिणे हीदेखील एक कला आहे. “मोठ्या शौर्याने वाचवले” या वाक्याने कोणाला काही कळत नाही. “पाणी फरशीच्या दीड हात वरून वाहत होते, शंभर पावलांवर बंधारा होता, उडी घेणाऱ्याला पोहता येत होते पण दोर नव्हता” असे लिहिले की, दिल्लीत टेबलाशी बसलेल्या माणसालाही नाला दिसतो. आपल्या मंडळ्यांत शिक्षक आहेत, निवृत्त कारकून आहेत, कॉलेजात जाणारी मुले आहेत. हे लिहिणे त्यांना जमण्यासारखे आहे. साक्ष देणे ही तर आपल्याला लहानपणापासून शिकवलेली गोष्ट.

या जूनपासून आम्ही काम करतो त्या प्रत्येक वस्तीवर एक साधी वही ठेवली आहे. वहीच्या पहिल्या पानावर पोलीस पाटील, आरोग्य केंद्र आणि तहसील कार्यालयाच्या आपत्ती कक्षाचे क्रमांक आहेत. कोणी कोणाला पाण्यातून, विहिरीतून, आगीतून काढले की त्याच आठवड्यात अंगणवाडीच्या ताई किंवा शाळेतली मोठी मुले ते लिहून ठेवतात, पाहणाऱ्यांच्या सह्या किंवा अंगठे घेतात. आतापर्यंत दोन नोंदी झाल्या आहेत. पहिली आहे विजेच्या तारेला चिकटलेल्या नवऱ्याला वाळलेल्या काठीने सोडवणाऱ्या एका बाईची. दुसरी, गाळात रुतलेल्या म्हाताऱ्याला काढणाऱ्या दोन गुराख्यांची. बाईचे कागद पूर्ण झाले आहेत आणि ते जिल्हा कार्यालयात दिले आहेत. गुराख्यांच्या नोंदीत पोलीस पाटलांची सही अजून व्हायची आहे. ते मुलीच्या लग्नाला गेले आहेत, सोमवारी परततील.